पहिला अर्धा सेकंद

२५ एप्रिल २०२५ ला शिवपुरी जिल्ह्यात, पिछोरला, एका घरावर आकाशातून एक जड वस्तू येऊन पडली. घराची पडझड झाली. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. हवाई दलाने लगेच खेद व्यक्त केला आणि चौकशी लावली. निवेदनात म्हटलं होतं की विमानातून स्फोटक नसलेलं एक ‘एरियल स्टोअर’ अनवधानाने सुटलं. शिवपुरी म्हणजे आम्हा ग्वाल्हेरकरांचा शेजार. संध्याकाळपर्यंत आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. काकांनी विचारलं, “स्टोअर म्हणजे? विमानातून दुकान कसं काय पडलं?” आत्याने लिहिलं, “आपल्या इंजिनिअरबाईंना विचारा, त्यांचं तेच काम आहे ना?”

अगदी तेच नाही, पण त्याच्या शेजारचं आहे. नको तेव्हा वस्तू का सुटली, हा वेगळा विषय. ठरवून सोडलेली वस्तू विमानापासून सुखरूप दूर जाते की नाही, हा माझा विषय. ग्रुपवर चार ओळी लिहून मी सुटका करून घेतली, पण हे चार ओळींत मावणारं नाही. आपल्या मंडळातली बरीच मुलं-मुली इंजिनिअरिंगला आहेत, काही बारावीत आहेत. त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

विमानाच्या पंखाखाली किंवा पोटाखाली जे जे टांगलेलं असतं, त्या सगळ्याला या क्षेत्रात ‘स्टोअर’ म्हणतात. बॉम्ब, क्षेपणास्त्र, कॅमेऱ्याचा पॉड, आणि जादा इंधनाची टाकी म्हणजे ड्रॉप टँक, हे सगळे स्टोअर. ज्या खांबासारख्या भागाला ते अडकवतात तो पायलॉन.

ग्वाल्हेरच्या मुलांना हे दृश्य नवीन नाही. महाराजपूरच्या तळावर १९८५ पासून मिराज-२००० विमानं आहेत. लष्करमधल्या गच्चीवर पापड वाळत घालताना आवाज आला की आम्ही वर बघायचो, आणि आज टाक्या लावल्या आहेत की नाहीत यावर पैजा लावायचो. कारगिलच्या युद्धात, २४ जून १९९९ ला, टायगर हिलवर लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारे बॉम्ब टाकले ते याच मिराज विमानांनी. तेव्हाचे हवाई दल प्रमुख अनिल टिपणीस स्वतः दुसऱ्या एका मिराजमध्ये बसून तो हल्ला पाहायला गेले होते. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. बॉम्ब कुठे पडला हे त्या दिवसांत सगळ्या शहराला पाठ होतं. तो पंखापासून सुटला कसा, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. मलाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं. सोडला की पडतो, त्यात काय!

बीई इथेच ग्वाल्हेरला केलं. आता नोकरी पुण्यातल्या एका कंपनीत आहे आणि काम घरूनच चालतं. वस्तू विमानापासून कशी दूर जाते याचं संगणकावर चित्र उभं करणाऱ्या प्रणालीचा एक भाग मी लिहिते. कुठलं विमान, कुठली वस्तू हे सांगता येत नाही, आणि या लेखाला त्याची गरजही नाही. जगभरचे अभ्यासक ज्यावर हात साफ करतात असं एक खुलं उदाहरण आहे, तेच घेऊ. अमेरिकेत विंड टनेलमध्ये मोजलेलं, १९९१ साली प्रसिद्ध झालेलं. एक पंख, एक पायलॉन, आणि त्याखाली ९०७ किलोचं, शेपटीला पंख असलेलं स्टोअर.

ते नुसतं सोडून देत नाहीत. पायलॉनमध्ये दोन दट्ट्या असतात, त्या स्टोअरला खाली ढकलतात. या उदाहरणात पुढची दट्ट्या १०.७ किलोन्यूटनचा रेटा देते आणि मागची ४२.७ किलोन्यूटनचा. दोन्हींची धाव जेमतेम १० सेंटिमीटर. हिशेब केला तर हा सगळा धक्का सेकंदाच्या विसाव्या भागात संपतो. त्यानंतर ती वस्तू आणि हवा, दोघं काय ते बघून घेतात.

आणि हवा सरळ वागत नाही. ध्वनीच्या वेगाच्या आसपास पंख आणि स्टोअर यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून हवा पिळून निघते. कधी ती वस्तूचं नाक वर उचलते, कधी शेपूट बाजूला फेकते. जड बॉम्ब एक वेळ मुकाट्याने खाली जातो. सगळ्यात हट्टी असते ती रिकामी ड्रॉप टँक. आकाराने मोठी, वजनाने हलकी. भरलेली घागर वाऱ्याला जुमानत नाही, रिकामा पत्र्याचा डबा मात्र गच्चीभर गडगडतो, तसंच हे. रिकामी टाकी खाली जाण्याऐवजी उलटी फिरून विमानाच्याच पोटावर किंवा शेपटीवर आदळू शकते. हे जे काही व्हायचं ते बहुतेक पहिल्या अर्ध्या सेकंदात होतं. वैमानिकाला हात हलवायलाही वेळ नसतो.

पूर्वी यावर एकच उपाय होता: उडून बघणे. आधी कमी वेगात सोडायचं, मग थोड्या जास्त वेगात, मग आणखी. वस्तू विमानाच्या फार जवळून जाऊ लागली की थांबायचं. काही वेळा थांबायला उशीर व्हायचा. मग विंड टनेलमध्ये युक्ती निघाली. विमानाचं छोटं मॉडेल स्थिर ठेवायचं, स्टोअरचं मॉडेल एका यांत्रिक हाताच्या टोकावर धरायचं, हवेचा जोर मोजायचा, त्यावरून पुढच्या क्षणी ते कुठे असेल याचं गणित संगणकाने करायचं आणि यांत्रिक हाताने त्याला तिथे नेऊन ठेवायचं. असं पावलापावलाने पूर्ण मार्ग मिळतो. आपल्याकडे बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये १.२ मीटरचं विंड टनेल १९६७ पासून आहे. देशात घडलेल्या बहुतेक विमानांच्या, क्षेपणास्त्रांच्या मॉडेलांनी तिथली हवा खाल्ली आहे. आणि त्याच्या जोडीला आता संगणकावरचं सिम्युलेशन आलं.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर नाशिकजवळच्या ओझरचं घ्या. सुखोई-३० विमानाच्या पोटाखाली अडीच टनांचं ब्रह्मोस बसवण्यासाठी लागणारे बदल हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागाने केले. २५ जून २०१६ ला ते क्षेपणास्त्र पोटाशी बांधून विमान नाशिकलाच पहिल्यांदा उडालं. प्रत्यक्ष डागलं गेलं २२ नोव्हेंबर २०१७ ला, बंगालच्या उपसागरावर. क्षेपणास्त्र आधी विमानापासून खाली पडतं, आणि मग त्याचं इंजिन पेटतं. नुसतं बांधून उडणं आणि सोडणं यांच्यामध्ये सतरा महिने गेले. त्या काळात लोक काय काय मोजत असतील याची कल्पना मला आता येते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या वाड्यात लहानाचा मोठा झालेला एक मुलगा आज हवाई दलात वैमानिक आहे. मी त्याला सायकल शिकवली आहे, त्यामुळे तो मला अजून ताईच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीत आरतीनंतर प्रसाद खाता खाता त्याने विचारलं, “ताई, तुमचा संगणक ‘सुरक्षित’ म्हणतो, म्हणजे किती सुरक्षित?”

हा प्रश्न साधा नाही. सिम्युलेशन चालवलं की पडद्यावर एक सुंदर रेघ येते: वस्तू अशी अशी खाली गेली, विमानापासून इतकं अंतर राहिलं. बघणाऱ्याचा विश्वास बसतो. पण ती रेघ काढताना आपण काय काय गृहीत धरलं? वजन अमुक किलो. प्रत्यक्षात टाकीच्या तळाशी किती इंधन उरलंय कुणास ठाऊक. दट्ट्यांचा जोर तमुक. तो थंडीत वेगळा, मे महिन्यात वेगळा. विमानाचा वेग, नाकाचा कोन, गुरुत्वमध्याची जागा, सगळं थोडं थोडं इकडेतिकडे होणार. म्हणजे खरी रेघ एक नसते, रेघांचा एक पट्टा असतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या पट्ट्याच्या काठावर असतं, मधल्या रेघेवर नाही.

पट्टा काढायचा एक रस्ता म्हणजे माँटे कार्लो पद्धत. मोनॅको देशातल्या जुगाराच्या अड्ड्यावरून हे नाव पडलं. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हे गणितज्ञ आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजले तर, असं त्यांच्या मनात आलं. आम्हीही तेच करतो. वजन, जोर, वेग हे सगळं फासे टाकल्यासारखं थोडं थोडं बदलत हजारो डाव खेळतो आणि किती डावांत वस्तू विमानाच्या धोकादायक जवळ येते ते मोजतो.

अडचण अशी की हवेचं पूर्ण गणित करणारा एक डाव मोठ्या संगणकालाही कित्येक तास, कधी दिवस घेतो. हजारो डाव परवडत नाहीत. मग मोजके डाव निवडायचे, पण निवडायचे कसे? त्यासाठी १९७९ मध्ये मांडलेली एक पद्धत आहे, लॅटिन हायपरक्यूब. सुडोकू सोडवणाऱ्यांना लगेच कळेल: प्रत्येक आडव्या ओळीत एक, प्रत्येक उभ्या ओळीत एक. वेगाचा कुठलाही टप्पा सुटत नाही, कोनाचाही नाही, आणि पन्नास-साठ डावांत सगळा प्रदेश पायाखालून जातो.

मधल्या मोकळ्या जागा भरायला आणखी एक युक्ती, आणि ती आली सोन्याच्या खाणीतून. दक्षिण आफ्रिकेत डॅनी क्रिग नावाचे खाण अभियंता होते. मोजक्या ठिकाणी बोअर मारून मधल्या जमिनीत किती सोनं असेल याचा अंदाज बांधायची रीत त्यांनी १९५१ मध्ये मांडली. पुढे तिचं नावच क्रिगिंग पडलं. आपण घराजवळ बोअर मारताना शेजाऱ्याला किती फुटांवर पाणी लागलं ते विचारतो ना, तोच विचार. फक्त गणितात बसवलेला. या रीतीचा मोठा गुण म्हणजे ती अंदाजाबरोबर ‘इथे माझी खात्री कमी आहे’ हेही सांगते. मग पुढचा महागडा डाव तिथेच खेळायचा. संख्याशास्त्र सिम्युलेशनला सुधारतं ते असं. ते संगणकाला हुशार करत नाही, त्याला कुठे बघायचं ते सांगतं.

इथे एक सापळा आहे. दहा हजार डाव खेळले आणि एकदाही वस्तू विमानाला लागली नाही, तर दहा हजार चाचण्या पास झाल्या का? नाही. सगळे डाव एकाच सिम्युलेशनचे. त्याचं हवेचं गणित मुळातच थोडं कलतं असेल, तर दहा हजारही डाव त्याच बाजूला कलणार. एकच साक्षीदार दहा हजार वेळा बोलला तरी साक्षीदार एकच.

मग दुसरे साक्षीदार आणायचे: विंड टनेल आणि प्रत्यक्ष उड्डाण. पण उड्डाणं थोडी असतात, आणि थोड्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हे संख्याशास्त्र रोखठोक सांगतं. दहा वेळा सोडलं आणि दहाही वेळा नीट गेलं, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की बिघडण्याची शक्यता २६ टक्क्यांपेक्षा कमी आहे. साठ वेळा नीट गेलं तर सुमारे ५ टक्क्यांपेक्षा कमी. १ टक्क्याच्या खाली यायला निर्दोष अशा तीनशे चाचण्या लागतात. इतके ड्रॉप टँक कोण टाकून देणार?

म्हणून सगळ्यांची साक्ष एकत्र तोलावी लागते. सिम्युलेशन आधी आपला अंदाज सांगतं, विंड टनेलचे आकडे आले की तो अंदाज सरकतो, उड्डाणाचे आले की पुन्हा सरकतो, आणि दर वेळी पट्टा किती अरुंद झाला तेही कळतं. या विचारपद्धतीला बेझची पद्धत म्हणतात. २००१ मध्ये केनेडी आणि ओ’हेगन यांनी तिला एक महत्त्वाची जोड दिली: सिम्युलेशन आणि वास्तव यांच्यातला फरक हाच एक अज्ञात मानायचा आणि तोही आकड्यांवरून शिकायचा. म्हणजे सिम्युलेशनने चुकू नये अशी अपेक्षाच नाही. ते कुठे, किती चुकतं याची नोंदवही ठेवायची.

हे सगळं परदेशातून आलं असं समजू नका. बेझच्या विचाराला विसाव्या शतकात ज्यांनी भक्कम पाया दिला त्यात हॅरल्ड जेफ्रीज हे मोठं नाव. भूकंपाच्या लहरींचा अभ्यास करता करता ते इकडे आले. केंब्रिजमध्ये त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्यांत एक होते कोल्हापूरला १९१९ मध्ये जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार. पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये संख्याशास्त्राचा विभाग उभा राहिला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. १९६० मध्ये त्यांना केंब्रिजचा अ‍ॅडम्स पुरस्कार मिळाला, १९७४ मध्ये पद्मभूषण. आज पुण्याच्या एखाद्या कंपनीत कुणी बेझच्या पद्धतीने अंदाज सुधारत बसलं असेल, तर ती वाट या मातीत सत्तर वर्षांपूर्वीच पडलेली आहे.

एका बैठकीची गोष्ट सांगते, नाव-गाव नाही. एक रिकामी टाकी, आणि वेग व कोनाचा एक विशिष्ट कोपरा. मधली रेघ विमानापासून व्यवस्थित लांब होती. पट्ट्याची वरची कड मात्र विमानाच्या शेपटीला जवळजवळ शिवत होती. समोरच्या बाजूचे एक ज्येष्ठ म्हणाले, “हा पट्टा काढून टाका. वाचणारा गोंधळतो. एक रेघ द्या, हो की नाही ते सांगा.” त्यांचं म्हणणं मला कळत होतं. वर सही करणाऱ्याला निर्णय हवा असतो. आपल्या घरातही “ते टक्के राहू दे, नक्की काय ते सांग” असंच म्हणतात, परीक्षेच्या निकालापासून डॉक्टरांच्या रिपोर्टपर्यंत. पण त्या कॉकपिटमध्ये बसणारा माणूस मला दिसत होता, प्रसादाची वाटी हातात धरलेला. आमच्या टीमने पट्टा काढला नाही. उलट विचारलं, याच कोपऱ्यात विंड टनेलच्या दोन फेऱ्या मिळतील का? मिळाल्या. मोजलेले दोन्ही मार्ग पट्ट्याच्या आतच आले, पण मधल्या रेघेपेक्षा शेपटीच्या बाजूला. त्या कोपऱ्यात टाकी सोडण्याची वेगमर्यादा खाली आणली गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तक्त्यातला एक आकडा बदलला, इतकंच.

आजीला हे सांगितलं तेव्हा ती सगळं ऐकून म्हणाली, “ते सगळं खरं गं, पण ते पडतं कुणावर?” ती शहाऐंशी वर्षांची आहे आणि तिला चुकवाचुकवी चालत नाही. मी म्हटलं, माझ्या समीकरणात पहिला अर्धा सेकंद आहे, पुढचं नाही. पुढचं देशाने ठरवायचं, आणि देश म्हणजे तूही, मीही. तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही पूर्ण होत नाही. हे काम करताना तो प्रश्न टेबलावर असलेलाच बरा, असं मला वाटतं. पण हेच गणित इतर कामीही येतं, हे मी तिला सांगितलं. २ एप्रिल २०२३ ला चित्रदुर्गजवळ हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने इस्रोचं पंख असलेलं यान साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडलं आणि ते स्वतःहून धावपट्टीवर उतरलं. तिथेही प्रश्न हाच: सोडल्यावर पहिल्या क्षणी काय होईल, आणि आपल्याला किती खात्री आहे? ते तिला आवडलं. व्हिडिओ दोनदा लावायला सांगितला.

वैमानिकाला मी त्या दिवशी काय उत्तर दिलं? एवढंच, की ‘सुरक्षित’ या एका शब्दावर समाधान मानू नकोस. पट्टा किती रुंद आहे विचार, आणि तो कशावरून काढला ते विचार: नुसत्या संगणकावरून, की आणखी कुणाच्या साक्षीवरून. “आणि सांगणारा चिडला तर?” त्याने विचारलं. म्हटलं, मग नक्कीच आणखी विचार.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी एक प्रयोग. अर्ध्या लिटरच्या दोन सारख्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. एक पाण्याने भरलेली, एक रिकामी, दोन्ही झाकण लावलेल्या. वारा असेल अशा दिवशी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एकाच जागेवरून, आडव्या धरून, प्रत्येकी वीस वेळा सोडा. खाली कुणी नाही याची खात्री करायला घरातलं मोठं माणूस उभं राहू द्या. बाटली जमिनीला टेकते तिथे त्यानेच खडूने खूण करावी, दोन बाटल्यांसाठी दोन रंग. मग सरासरी जागा काढा, आणि खुणा तिच्याभोवती किती पसरल्या आहेत तेही मोजा. एकविसाव्या वेळी बाटली कुठे पडेल याचा अंदाज आधी वहीत लिहा, आणि शेजारी किती खात्री आहे तेही लिहा. मगच सोडा. वहीच्या पानाचे फोटो मंडळाकडे पाठवा; मी सगळे बघेन.